टेकूवरचा संसार

शिडी चढून घरात जायचं आणि शिडी उतरून संडासाला जायचं, असे दिवस मी काढले आहेत. कुणाला खोटं वाटेल. आता लिफ्टच्या इमारतीत राहते, नळ सोडला की गरम पाणी येतं, सगळं कसं जिथल्या तिथे आहे. पण त्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसून प्यायलेल्या चहाची चव या सोफ्यावर काही येत नाही. सून म्हणते, आई, चहा तोच आहे. तिला काय कळतंय! चहाला बैठक लागते.

झालं असं, की हे निवृत्त झाले. निवृत्त झालेला नवरा दिवसभर घरात असणं म्हणजे काय, हे ज्या भोगतात त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या नशिबी अजून आलेलं नाही त्यांना मी आत्ताच का घाबरवू? इतर बायकांचे नवरे कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर डब्यांना चिठ्ठ्या चिकटवतात. आमच्यांनी बोट काढली.

यांनी जन्मभर जहाज कंपनीत कारकुनी केली, पण जहाजात पाऊल कधी ठेवलं नाही. जहाजं सगळी कागदावर. कचेरीच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसायचे. तेव्हा एकदा तरी आपल्या बोटीचं सुकाणू आपल्या हातात धरायचं आणि बंदराच्या भिंतीबाहेर जायचं, असं यांच्या मनात होतं. "बस्स, एवढंच," म्हणाले.

'एवढंच' म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावं. पूर्वी एकदा 'एक खुंटी ठोकतो, एवढंच' म्हणून हातोडी घेतली होती, आणि भिंतीला पलीकडच्या बिऱ्हाडात उघडणारी खिडकी पडली होती. शेजारीण तिथून साखर मागायची.

बोट मिळाली ती परक्या मुलखात. म्हटलं, "आपल्याकडे समुद्र आटलाय का?"

"समुद्र आहे. पण बोट तिथे आहे."

मी सामान बांधलं आणि निघाले. यांना एकट्याने पाठवायची माझी छाती नव्हती. हा माणूस मोजे घेऊन जातो आणि एक मोजा घेऊन परत येतो.

बोट पाण्यात असते अशी माझी समजूत. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण एवढं आम्हाला शिकवलं होतं. ही बोट जमिनीवर होती. बंदराच्या कडेला मोठं यार्ड, त्यात बोटीच बोटी, सगळ्या लाकडी टेकूंवर उभ्या, जशा म्हाताऱ्या काठी टेकून रांगेत थांबल्यात. आमची सगळ्यात कडेला, चराच्या बाजूला. बुडाचे पापुद्रे सुटलेले, डोलकाठीवर पक्ष्यांनी आपला कारभार केलेला. बोटीत राहायचं तर वर चढायला शिडी. मी लुगडं खोचलं आणि चढले. खाली माणसं बघत होती. बघू देत. लग्नाच्या वरातीतही बघत होती, तेव्हा कुठे मी घाबरले!

आत एक ओटा, दोन बाकं, समोर बिछान्याएवढी जागा आणि उंदरांनी कुरतडलेली गादी. हे मात्र नव्या नवऱ्या मुलासारखे उभे. "कशी वाटते?" म्हणाले.

"हिच्यात राहायचं?"

"दुरुस्त झाली की."

"आणि होईपर्यंत?"

"होईपर्यंतही हिच्यातच."

असा आमचा संसार टेकूवर लागला.

थोरल्याला कळलं तेव्हा त्याने फोनवर पहिलं वाक्य टाकलं, "आई, बाबांना आवर." जसं काही मी इतकी वर्षं दुसरं काही करत होते. पुढे त्याने बापाला अट घातली. उन्हाळा संपायच्या आत बोट पाण्यात गेली आणि बंदराबाहेर निघाली तर ठीक. नाहीतर विकायची आणि दोघांनी गुपचूप घरी यायचं. यांनी 'हो' म्हटलं. हे शब्दाचे पक्के आहेत. दिलेला शब्द मोडत नाहीत, म्हणून मी यांना सहसा कुणाला शब्द देऊ देत नाही. नेमकी त्या वेळी मी धुणं वाळत घालत होते.

यार्डची मालकीण धिप्पाड बाई, हातात कायम पाना. तिने सांगितलं, "उन्हाळ्याच्या शेवटी मोठी भरती येते. तेवढ्या भरतीलाच क्रेनखालच्या धक्क्याला तुमच्या बोटीला पुरेल इतकं पाणी चढतं. ती चुकली की बोट पुढच्या वर्षापर्यंत इथेच." तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. पण दोन बायकांचं घरसंसाराचं बोलणं भाषेवाचून अडत नाही, आणि टोमणा तर मुळीच अडत नाही. हळूहळू सगळ्यांचं बोलणं मला कळायला लागलं. माझं त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे, पण ते ऐकायचे.

शेजारच्या टेकूवर एक गृहस्थ राहायचे. मी त्यांना सल्लागार म्हणायची. त्यांची बोट इतकी वर्षं जमिनीवर होती, की तिच्या बुडाला वेल चढला होता आणि त्याला फुलं येत होती. स्वतः कधी पाण्यात गेले नाहीत, पण यार्डातली एकही बोट त्यांच्या सल्ल्यावाचून पाण्यात गेली नव्हती. सकाळी उठून आपल्या बोटीच्या टोकावर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून सुरू. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकलं होतं, बोटीवरून हाकताना तिथे पाहिलं.

"वहिनी" (वहिनी म्हणायला मीच शिकवलं), "साहेबांना सांगा, रंग खरवडताना खालून वर जायचं."

हे खालून वर खरवडायला लागले की पलीकडून यार्डातला एक रंगारी ओरडायचा, "वरून खाली!" निळ्या रंगाचा जुना थर होता. संध्याकाळपर्यंत हे जांभळासारखे निळे. कानाच्या मागे, नखांत, भुवयांत. धुऊन जाईना. यांना न्हाव्याकडे नेलं तर न्हाव्याने आधी डॉक्टरकडे पाठवलं.

पण ते खरवडणं, मला सांगा, कुठे ऐकायला मिळतं आता? सकाळ झाली की सगळ्या यार्डातून खर्र, खर्र, खर्र. प्रत्येकाचा सूर वेगळा. डोळे मिटून मी सांगायची, हे आमचे, हा रंगारी, ही मालकीण कुणावर तरी चिडली आहे. दुपारी ऊन तापलं की सगळे आपापल्या बोटीच्या पोटाखाली सावलीला बसायचे. डोक्यावर आपलंच घर. खाली मी सतरंजी टाकायची, ज्याच्या घरी जे शिजलं असेल ते यायचं. एवढ्या वर्षांत चाळीत राहिले, इमारतीत राहिले, पण शेजाऱ्याचं घर खालून बघायचा योग तिथेच आला. आणि माणूस खालून पाहिला की त्याचे दोष लवकर माफ होतात. का, ते मला विचारू नका.

आता मुख्य गोष्ट सांगते, स्वयंपाकघराची.

यार्डात बोटींचा एक सुतार होता. त्याला आत आणलं, म्हटलं, "इथे मांडणी हवी, इथे कपाट, इथे ओटा." तो हसला. म्हणाला, बोटीत सरळ काही नसतं, सगळं बोटीच्या अंगाने वळवायचं. त्याच्या कामाचा नमुना पाहिला. दार वर रुंद, खाली अरुंद, फळीला बाक. काटकोन नावाची वस्तू त्या माणसाने आयुष्यात पाहिली नव्हती. मी यांना सांगितलं, "मी जन्मभर सरळ ओट्यावर पोळ्या लाटल्या. वाकड्या ओट्यावर लाटणार नाही. मला घराचा सुतार आणा."

"अगं, पण ही बोट आहे."

"राहायचं कुणाला? बोटीला की आपल्याला?"

गावातून घराचा सुतार आणला. शांत माणूस, खिशात पाणसळ. एखादी फळी ठोकण्याआधी तो पाणसळ ठेवायचा, आतला बुडबुडा मधोमध आला की मान हलवायचा. मला तो पहिल्या दिवशीच आवडला. मी माझ्या परीने तपासायची. ओट्यावर परात ठेवायची, तीत पाणी ओतायची. पाणी एका कडेला गोळा झालेलं दिसलं की म्हणायची, "वाकडं आहे." तो पाणसळ लावायचा आणि म्हणायचा, "आहे." मग खाली पाचर मारायचा. ओटा, मांडणी, बाकं, बिछाना, जमिनीच्या फळ्यासुद्धा, सगळं आम्ही दोघांनी मिळून सरळ केलं. एकेका फळीखाली एकीकडे बोटभर पाचर आणि दुसरीकडे काहीच नाही. आमच्या डोक्यात एवढंच, की आधीच्या मालकाने सगळं वाकडं बांधलं होतं. काय माणसं असतात!

शेगडी तर बघण्यासारखी होती. दोन खिळ्यांवर टांगलेली, धक्का लागला की पुढेमागे हलायची. सल्लागार वरून ओरडले, "वहिनी, ती हलायलाच हवी! लाटेत भांडं सांडू नये म्हणून!"

म्हटलं, "झोके घ्यायला शेगडी म्हणजे काय तान्हं बाळ आहे?" आणि सुताराकडून पक्के स्क्रू मारून घेतले. हे म्हणाले, राहू दे ना. मी यांच्याकडे बघितलं. राहिलं नाही.

स्वयंपाकघर झालं तेव्हा यार्डातल्या सगळ्या बायका शिडी चढून बघायला आल्या. मालकीणही आली, तिने ओट्यावरून हात फिरवला. इतका सरळ ओटा त्या बंदरात कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशी शिडी उतरताना माझी पावलं जरा मोठ्याने वाजली असतील.

तेवढ्यात बंदर कचेरी आडवी आली. बोट पाण्यात टाकायला परवानगी हवी. खिडकीत एक बारीक मिशीचा साहेब. त्याने यांना विचारलं, "पत्ता?"

"बोट."

"बोट कुठे आहे?"

"यार्डात. जमिनीवर."

"जमिनीवर आहे तोवर ती बोट नाही, सामान आहे. सामानात माणूस राहू शकत नाही. घराचा पत्ता नगरपालिकेतून आणा."

नगरपालिकेत गेलो. तिथली बाई म्हणाली, "याला पाया नाही. हे घर नाही. ही बोट आहे. बंदर कचेरीत जा."

हे कागदांत जन्म घालवलेले, त्यामुळे यांना दोन्हीकडचं म्हणणं पटायचं. तेच तर दुखणं! बाहेर येऊन मला समजावून सांगायचे, की साहेबांचंही कसं बरोबर आहे. शेवटी मी म्हटलं, तुम्ही बुडाला रंग द्या, मी जाते. भाजीची पिशवी घेतली आणि बंदर कचेरीच्या बाकावर जाऊन बसले. वाटाणे होते, सोलायला घेतले. साहेबाला वाटलं मी निषेध करते आहे. निषेध कसला डोंबलाचा, दुपारची भाजी खोळंबली होती. थोड्या वेळाने तो खिडकीतून म्हणाला, "बाई, इथे वाटाणे सोलता येणार नाहीत."

"का? ही कचेरी आहे ना? मग मी घरी जाऊन सोलते. माझं घर कुठे आहे ते तेवढं सांगा."

मग रांगेतली माणसं हसायला लागली. मग तोही. त्याने पत्त्याच्या जागी काय लिहिलं ते हे वाचून दाखवायचे आणि अजून दाखवतात: 'यार्ड, चराकडची शेवटची शिडी, वर.' मी आयुष्यात अनेक पत्त्यांवर राहिले. त्याच्याइतका खरा पत्ता दुसरा नव्हता.

मोठ्या भरतीचा दिवस उजाडला. थोरला आदल्या दिवशीच आला होता, आणि बरोबर एक गिऱ्हाईक घेऊन आला होता. चकचकीत बूट, हातात टॉर्च. म्हणे, "नुसते बघायला आलेत." मी त्याला चहा दिला, पण साखर कमी घातली.

क्रेनने बोट उचलली. पट्ट्यांत लटकलेलं आपलं घर हवेत गेलं. हे खाली हात वर करून चालले होते, जशी काही पडली तर झेलणार. मग ती अलगद पाण्यात टेकली, जराशी डुलली, आणि तरंगली. टाळ्या झाल्या. हे हसत होते. सगळे बोटीत चढले आणि मी थेट स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर एक कांदा होता. तो निघाला. माझ्या डोळ्यांदेखत ओट्यावरून घरंगळला, खाली पडला, जमिनीवरून उजवीकडे गेला आणि भिंतीला जाऊन बसला. मग खण आपोआप उघडला. मग दार. मांडणीवरची ताटं एकमेकांना चिकटून उजव्या कोपऱ्यात. मी स्वतः उभी होते ती एक पाय वर, एक पाय खाली, टेकडीवर शेळी उभी असते तशी.

सुताराने पाणसळ काढली, ओट्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला आणि तिथेच राहिला. सुतार त्याच्याकडे बघत राहिला, जसं कुणी घरचं माणूस खोटं बोललं असावं.

दारातून सल्लागार म्हणाले, "बोट सरळ आहे, वहिनी. घर वाकडं आहे."

मग उलगडलं. आमची बोट चराच्या बाजूला उभी होती. आम्ही येण्याआधीच पावसाने तिथली माती ढिली झाली होती आणि डाव्या बाजूचे टेकू खचले होते. बोट डावीकडे कलली आणि आम्ही त्या कललेल्या बोटीत सरळ घर बांधलं. आता बोट पाण्यात गेली, पाण्याने तिला सरळ केलं, आणि घर गेलं उजवीकडे. आधीचा मालक बिचारा बरोबर होता.

"तुम्हाला बाहेरून कलती दिसली नाही?" थोरल्याने बापाला विचारलं.

"दिसायची," हे म्हणाले. "मला वाटायचं चष्मा वाकडा झालाय."

सुतार म्हणाला, "मी घर सरळ बांधलं. बोट सरळ उभी करायचं काम माझ्याकडे नव्हतं." आणि खरंच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं थोरला पुटपुटला ते मी ऐकलं. ज्याने ती म्हण काढली त्याने आमचं अंगण पाहिलं नव्हतं.

गिऱ्हाईकाने टॉर्च मारून सगळं पाहिलं. म्हणाला, "मला चालेल. आतलं सगळं मी उखडूनच टाकणार आहे."

उखडून! माझा ओटा!

मालकीण धक्क्यावरून ओरडली, "भरती उतरायच्या आत ठरवा! जायचं तर जा, नाहीतर परत वर उचलते!"

आत सगळं मोडून नव्याने बांधायचं म्हणजे पुढचं वर्ष. आणि शब्द तर दिलेला. थोरला मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, पुरे आता. हौस झाली ना?" हे तिथल्या फडक्याला हात पुसायला लागले. हात कोरडे होते. तरी पुसत होते, पुन्हा पुन्हा, एकेक बोट. म्हणाले, "ठीक आहे. काय करणार!"

मी या माणसाला चिडलेला पाहिला आहे, निळा पाहिला आहे, भिंतीला भोक पाडून ओशाळलेला पाहिला आहे. पण 'काय करणार' म्हणताना कधी पाहिला नव्हता. मला ते खपलं नाही.

मी म्हटलं, "घराला हात लावायचा नाही. घर सरळ आहे. बोट वाकडी करा."

"म्हणजे?" सगळे एकदम.

"म्हणजे जशी जमिनीवर होती तशी. डावीकडे वजन टाका. कलू दे."

"आई, बोट अशी मुद्दाम वाकडी नाही करत कुणी!"

"कुणी नाही करत म्हणून तर राहिलीय ना करायची."

सुतार विचार करायला लागला. मग त्याने मान हलवली, बुडबुडा मधोमध आल्यावर हलवायचा तशी. मी वर आले, धक्क्यावर सगळं यार्ड जमलं होतं, त्यांच्याकडे बघून म्हटलं, "उन्हाळाभर नुसते सल्ले दिलेत! आता वजन द्या!"

मग मालकीण वळली आणि शेडमधून एक गंजका नांगर ओढत आली. तिच्यामागे रंगाऱ्याने साखळी आणली. कुणी फुटकं इंजिन, कुणी लोखंडी चाकं, कुणी डब्यात भरलेले खिळे. पन्नास वर्षं ज्याचं काय करायचं ते कुणाला सुचलं नव्हतं ते सगळं त्या दिवशी आमच्या डाव्या बाकाखाली आलं. मी स्वयंपाकघरात परातीत पाणी घेऊन उभी. "अजून! अजून थोडं! हे कुणी पुढे ठेवलं? मागे घ्या!" गिऱ्हाईकालाही मी डाव्या बाजूला बसवलं. तो बसला. मी सांगितलेल्या जागेवर माणसं बसतात.

तरी बोटभर कमी पडत होतं. यार्ड रिकामं झालं होतं. मग सल्लागार आले, हातगाडी ढकलत. गाडीत शिशाच्या विटा होत्या, जुन्या, नीट एकावर एक रचलेल्या.

"या कुठल्या?" यांनी विचारलं.

"माझ्या बोटीच्या तळातल्या. पाण्यात तोल राखायच्या."

"अहो, मग तुमची बोट?"

ते वेलाकडे बघत म्हणाले, "तिला आता फुलं येतात. तिला कशाला हलवू?"

हे आणि ते दोघांनी मिळून एकेक वीट आत दिली, आणि थोरल्याने त्या बाकाखाली लावल्या. ऑफिसचा शर्ट काळा झाला. शेवटची वीट लागली आणि परातीतलं पाणी थरथरून मधे स्थिर झालं. मी कांदा उचलून ओट्यावर ठेवला. कांदा बसला.

"झालं!" मी ओरडले. सुताराने पाणसळ खिशात घातली.

बाहेरून बोट काय दिसत होती ते मला माहीत नाही, मी आत होते. डोलकाठी म्हणे एका बाजूला झुकली होती, जसं कुणी शेजाऱ्याचं बोलणं चोरून ऐकतंय. गिऱ्हाईक उतरलं. त्याच्या जागी थोरला बसला.

हे म्हणाले, "तू उतर. आम्ही निघतोय."

"मी उतरलो तर वजन कमी होईल," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

दोर सुटले, बोटीचं इंजिन सुरू झालं. यांनी सुकाणू धरलं. यार्ड मागे जायला लागलं, ती माणसं, ते टेकू, आमची शिडी कुणाच्या तरी खांद्यावर. मालकीण पाना हलवत होती. बंदराच्या भिंतीवर बसलेले ओळीने ओरडत होते, "अहो, पडतेय तुमची बोट!"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "बोट बरोबर आहे! तुम्ही माना सरळ करा!"

त्या बोटीत आम्ही पुढे किती उन्हाळे काढले. ज्या बंदरात जायचो तिथे ती लांबून ओळखू यायची. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर अजूनही तिथेच असते. आत्ता हे पलीकडच्या खोलीत रेडिओवर कुठल्या तरी समुद्राचं हवामान ऐकताहेत, ज्या समुद्राशी आता आमचा काही संबंध नाही, आणि मी विचारलं तर म्हणतील, वारा चांगला आहे.

पण तो पहिला दिवस. भिंत संपली आणि पुढे सगळं पाणी. यांनी शीड सोडलं, ते वाऱ्याने भरलं, इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मी चहाचे कप घेऊन वर आले. हे सुकाणू धरून समोर बघत होते, पाठ ताठ, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मी बघितलेलं यांच्या लक्षात आलं. घाईने म्हणाले, "लाटेचं पाणी उडालं गं डोळ्यात. खारं असतं ना."

थोरल्याने मान वर केली. "कुठली लाट? समुद्र तर अगदी—"

"तू गप्प बस," मी म्हटलं. "बाबांच्या डोळ्यात पाणी उडालंय. आत जा आणि टॉवेल आण."